कोरा रकाना

जुहूच्या नेहरूनगर वस्तीत माझ्या खोलीपासून चार दारे सोडून एक निवृत्त नाईक राहतात. सारी वस्ती त्यांना 'नाना' म्हणते. महार रेजिमेंटमधून १९७१ च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर होते. पंधरा वर्षांची नोकरी संपवून ते घरी आले आणि पुढची वीस-बावीस वर्षे जुहू-पार्ले स्कीममधील एका बंगल्याच्या फाटकावर त्यांनी चौकीदारी केली. जुहूचा इतिहास सांगायचा म्हटला की १९२८ चे विमानतळ येते, नटनट्यांचे बंगले येतात. त्या बंगल्यांची फाटके कोणी राखली हे त्या इतिहासात येत नाही. पण तो आजचा विषय नाही.

गेल्या डिसेंबरात एका रात्री नाना पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आले. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच, म्हणून वस्तीतले सगळे सरकारी कागद अखेर माझ्या दारात येतात. नानांनी 'जय भीम' घातला, पेटी उघडली, आपले डिस्चार्ज बुक माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "सर, मी लढाईत जखमी झालो हे यात कुठं लिहिलंय, तेवढं मला दाखवा."

मी पुस्तक दोनदा चाळले. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, उंची, सारे होते. 'ओळखीची खूण' ह्या रकान्यात लिहिले होते : डाव्या पोटरीवर व्रण. पदकांचा रकाना मात्र कोरा होता. जखमेची नोंद कुठेच नव्हती. ज्या पुस्तकाने माणूस ओळखता यावा म्हणून त्याचा व्रण टिपून ठेवला, त्याच पुस्तकाला तो व्रण कशाने झाला हे लिहावेसे वाटले नाही.

पेटीत दोन पदके होती, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. नानांचेही आहे. म्हणजे पदक म्हणते हा माणूस लढाईत होता, पोटरी म्हणते त्याला गोळ्याची किरच लागली होती, आणि कागद काहीच म्हणत नाही. आपल्या देशात तिघांची साक्ष पडली की खरा धरतात तो कागद.

हा लेख त्या कोऱ्या रकान्याविषयी आहे. तो एकट्या नानांचा असता तर मी लेख लिहिला नसता, अर्जच लिहिला असता. पण अर्ज लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की ह्या जातीचा अर्ज आमच्यात पहिल्यांदा लिहिला जात नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे आम्ही तो लिहीत आलो आहोत.

१

आधी रकाना कोरा कसा राहतो ते पाहू. मोर्चावर शिपाई जखमी झाला की तो पलटणीच्या मदतकेंद्रावर जातो, तेथून फील्ड ॲम्ब्युलन्सकडे, तेथून इस्पितळात. त्याचा 'कॅज्युअल्टी'चा अहवाल निघतो. मग पलटण 'पार्ट टू ऑर्डर' काढते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसात पोचते आणि तेथील कारकून शिपायाच्या 'शीट रोल'वर ती चढवतो. डिस्चार्ज बुक भरले जाते ते ह्या शीट रोलवरून. ह्या साखळीतली एक कडी सुटली की पुढचे सारे कोरे. नाना मदतकेंद्रावर पट्टी बांधून दोन दिवसांत पुन्हा खंदकात गेले. इस्पितळात गेलेच नाहीत, म्हणून इस्पितळाचा कागद नाही. जो मागे हटला नाही त्याचाच कागद झाला नाही, असा हा हिशेब.

येथे मला एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. नानांचा रकाना जातीमुळे कोरा राहिला असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. अशा चुका सर्व जातींच्या शिपायांच्या वाट्याला येतात. जातीचा आणि वर्गाचा प्रश्न उभा राहतो तो चूक दुरुस्त करण्याच्या वेळी. ज्याचा भाऊ वकील आहे, मेहुणा मंत्रालयात आहे, ज्याला इंग्रजीत पत्र लिहिता येते, त्याची चूक वर्षा-दोन वर्षांत सुधारते. ज्याच्याजवळ ह्यातले काही नाही त्याची चूक हाच त्याचा इतिहास होऊन बसतो. रकाना कोरा राहणे हा अपघात असेल, पन्नास वर्षे कोरा राहणे हा अपघात नव्हे.

आणि त्या रकान्याला किंमत आहे. शत्रूशी प्रत्यक्ष सामन्यात जखमी झालेल्याला सरकार जखमेचे पदक देते. १९७३ साली ते 'पराक्रम पदक' ह्या नावाने सुरू झाले. ज्याला जखमेमुळे अपंगत्व आले त्याला युद्धजखमेचे वेगळे पेन्शन आहे. दोन्हींचा पाया एकच, तो म्हणजे नोंद. नोंद नाही तर जखम नाही.

२

आता दोनशे वर्षे मागे जाऊ. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठच्या कोरेगावात कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या कंपनीच्या तुकडीने दिवसभर पेशव्याच्या सैन्याशी झुंज दिली. तेथील स्तंभाचा पाया १८२१ साली घातला गेला. पडलेल्यांची नावे त्यावर कोरली गेली. एकोणपन्नास मृतांपैकी बावीस महार होते असे मानले जाते, आणि ते कळते कशावरून ? नावाच्या शेवटी असलेल्या 'नाक' ह्या प्रत्ययावरून. गावगाड्यात जी खूण माणसाला वेशीबाहेर ठेवण्यासाठी वापरली जात होती, त्याच खुणेने दगडावर त्याची साक्ष राखली. पलटणीच्या कारकुनाने नाव जसे ऐकले तसे लिहिले, पाथरवटाने जसे दिले तसे कोरले. त्या दोघांच्याही मनात आमचा इतिहास लिहायचा नव्हता. पण तो लिहिला गेला.

ह्या लढाईतल्या जिवंत शिपायांना पदक केव्हा मिळाले ? तेहतीस वर्षांनी. जुन्या मोहिमांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' १८५१ साली मंजूर झाले आणि त्याच्या फितीवर लावायच्या पट्ट्यांत कोरेगावची एक पट्टी होती. अट अशी की शिपाई तोवर हयात असला पाहिजे. १८१८ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये त्रेपन्न वर्षांचा होणार. किती महार शिपाई त्या काळात, त्या हालात, त्या वयापर्यंत जगले असतील ह्याचा विचार वाचकांनीच करावा. मेलेल्याच्या नावाचे पदक त्याच्या घरी जाणार नव्हते. उशीर हाही नकाराचाच एक प्रकार आहे, आणि तो फार सभ्य प्रकार आहे.

शौर्याच्या पदकांतही पायऱ्या होत्या. हिंदी शिपायांसाठी १८३७ पासून 'ऑर्डर ऑफ मेरिट' होते, पण व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला तरी हिंदी शिपायाला तो मिळण्याचा हक्क १९११ पर्यंत नव्हता. आणि १९११ मध्ये हे दार उघडले तेव्हा महार शिपाई कोठे होता ? तो दाराबाहेर होता, कारण त्याची पलटणच काढून घेतली गेली होती.

३

१८५७ नंतर आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे आला. पंजाबी, गुरखा, पठाण हे जन्मतः लढवय्ये आणि दक्षिणेतले लोक नव्हेत, असे ठरवण्यात आले. १८९२ च्या सुमारास पलटणी जातवार बांधल्या जाऊ लागल्या आणि महारांची भरती बंद झाली. तीन पिढ्यांची नोकरी गेली, तिच्याबरोबर पगार गेला, पेन्शनचा आधार गेला आणि लष्करी शाळाही गेली. ज्या शाळेमुळे रामजी सकपाळ सुभेदार आणि हेडमास्तर होऊ शकले तीच वाट पुढच्या पिढीला बंद झाली. आणि ज्या लोकांची नावे कोरेगावच्या दगडावर आहेत ते 'लढाऊ नाहीत' असे सरकारी कागदाने ठरवले. दगड एक सांगत होता, कागद दुसरे.

त्यावर आमच्या निवृत्त शिपायांनी काय केले ? त्यांनी अर्ज लिहिला. रामजी सुभेदारांनी ह्या हुकमाविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने खटपट केली. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झालेले. दापोलीस 'अनार्य दोष परिहारक मंडळी' उभी करणारे, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे. त्यांनी १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय, पुढे पतित ठरवले गेलो, असा दावा त्यात होता. आज तो दावा आपल्याला पटत नाही. वर्णव्यवस्था नाकारणाऱ्याने तिच्याच एका पायरीवर हक्क का सांगावा ? पण अर्ज ज्याला लिहायचा त्याच्या भाषेत लिहावा लागतो. सरकार जात पाहून भरती करीत होते, म्हणून त्यांनी जातीच्या भाषेत उत्तर दिले. त्यांचा मुद्दा वंशाचा नव्हताच, तो नोंदीचा होता.

१९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने लंडनमधील भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज केला आणि सैन्यात व पोलिसांत प्रवेश मागितला. कांबळे 'सोमवंशीय मित्र' चालवीत. कोरेगावच्या स्तंभाशी सभा घेऊन त्या नावांची आठवण समाजाला करून देणारेही तेच. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाशी गेले, त्यामागेही कांबळ्यांचीच खटपट होती. एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हातात स्तंभ, असे हे काम होते.

आपल्या साहित्याचा आरंभ आपण कवितेत शोधतो, आत्मकथनात शोधतो. मला वाटते, आमच्या पहिल्या शिकलेल्या पिढीचे बरेचसे गद्य अर्जात आहे. विनंती करणाऱ्या त्या वाक्यांच्या आत 'तुमची नोंद खोटी आहे' हे वाक्य दडलेले आहे. ते वाचायला आपण शिकले पाहिजे.

४

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 'लढाऊ जाती'चा सिद्धांत बाजूला ठेवून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. आपल्याच माणसांशी झालेल्या लढाईची खूण स्वतंत्र देशाच्या बिल्ल्यावर नको, हे समजण्यासारखे आहे. पण एक नोंद काढल्यावर तिच्या जागी दुसरी कोणती लिहिली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

दुसरी नोंद आहे. डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीर आघाडीवर झांगडच्या लढाईत मशीनगनवर असलेले महार रेजिमेंटचे नायक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळाले. आमच्या किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे ? मी माझ्या वर्गात विचारले. कोरेगाव सर्वांना ठाऊक होते, झांगड एकालाही नाही.

५

हे आपल्याकडेच घडते असे नाही. १९७२ मध्ये ज्यांच्यापासून आपल्या पँथरने नाव घेतले त्या अमेरिकेतल्या काळ्यांची हीच कथा आहे. पहिल्या महायुद्धात न्यू यॉर्कच्या काळ्या पलटणीतला हेन्री जॉन्सन १९१८ मध्ये फ्रान्समध्ये रात्रीच्या पहाऱ्यावर असताना एका जर्मन टोळीशी लढला. गोळ्या संपल्यावर त्याने बंदुकीच्या दस्त्याने आणि सुरीने झुंज दिली आणि आपल्या साथीदाराला कैद होऊ दिले नाही. त्याला एकवीस जखमा झाल्या. फ्रान्सने त्याला आपले शौर्यपदक दिले. त्याच्या स्वतःच्या देशाने दिलेल्या डिस्चार्जच्या कागदावर मात्र जखमांचा उल्लेख नव्हता. तो १९२९ मध्ये विपन्नावस्थेत मेला. १९९६ मध्ये जखमेचे पदक, २००२ मध्ये त्याहून वरचे, आणि २०१५ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर' असे क्रमाक्रमाने त्याच्या नावावर चढले. दुसऱ्या महायुद्धात एकाही काळ्या सैनिकाला ते सर्वोच्च पदक दिले गेले नव्हते. पुढे अभ्यासकांनी जुने कागद तपासले आणि १९९७ मध्ये सात जणांना ते मिळाले. त्यांपैकी एकच जण हयात होता.

नानांना मी जॉन्सनची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे त्याचाबी रकाना कोराच."

अमेरिकेत हे का होऊ शकले ? तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळे कायद्याने उभी राहिली. आपल्याकडे तसे स्वतंत्र मंडळ नाही. आपल्याकडे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. कारगिलच्या युद्धातील आपल्या ब्रिगेडच्या कामगिरीचे अहवाल चुकीचे लिहिले गेले, ही ब्रिगेडियर देविंदर सिंग यांची तक्रार ह्याच न्यायाधिकरणाने २०१० मध्ये मान्य केली. म्हणजे नोंद खोटी असू शकते आणि ती दुरुस्तही होऊ शकते, हे तत्त्व मान्य झालेले आहे. ब्रिगेडियरला जे मिळाले ते नाईकापर्यंत कसे पोचवायचे, एवढाच प्रश्न आहे.

६

येथे कार्यकर्ते मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला असा की लष्कराच्या पदकांत मुक्ती कसली ? काल साम्राज्याचे पदक, आज राज्यसंस्थेचे. हा आक्षेप मला मान्य आहे. पण आपण येथे युद्धाचा गौरव मागत नाही. ज्याने रक्त दिले त्याच्या कागदावर ते दिले असे लिहा, एवढेच मागतो. मजुराच्या हजेरीपटावर त्याचे दिवस नीट लिहा, असे आपण मुकादमाला सांगतो तेव्हा ठेकेदारीचा गौरव करीत नसतो. आणि हेही विसरू नये की १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाला जे ताठ मानेने आले त्यांत लष्करी पेन्शनर होते. तो ताठपणा त्यांनी कवायतीत कमावला होता.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. नोंद दुरुस्त करता करता आपणच नवी चुकीची नोंद तर लिहीत नाही ना ? कोरेगावविषयी आपल्या सभांत सांगितले जाते की पाचशे महारांनी पेशव्याच्या अठ्ठावीस हजारांचा पराभव केला. कागद सांगतात ते असे : कंपनीच्या बाजूला सुमारे आठशे चौतीस माणसे होती, त्यांत पायदळ, घोडेस्वार आणि गोरे गोलंदाज होते. मराठे, राजपूत, मुसलमान आणि ज्यू शिपाईही होते. पेशव्याचे सैन्य अठ्ठावीस हजारांच्या घरात होते, पण प्रत्यक्ष हल्ल्यात उतरले ते सुमारे दोन हजार पायदळ, आणि त्यात अरबांचा मोठा भाग होता. कंपनीची पावणेतीनशे माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. ह्या खऱ्या आकड्यांत बावीस 'नाक' नावे कमी तेजस्वी दिसतात का ? मला तशी दिसत नाहीत. २०१८ च्या १ जानेवारीला त्या गावच्या वाटेवर जे घडले त्यानंतर तर आपली प्रत्येक ओळ तपासूनच लिहिली पाहिजे. ज्याच्या विरुद्ध शतकानुशतके खोटे लिहिले गेले त्याला अतिशयोक्तीची चैन परवडत नाही. त्याचा आकडा चुकला की त्याची जखमही खोटी ठरवली जाते.

म्हणून नानांच्या अर्जात मी 'शौर्य' हा शब्द वापरला नाही. पहिल्या अर्जाला एका कार्यालयाकडून एका ओळीचे उत्तर आले आहे : नोंद आढळत नाही. नाना ते उत्तर हातात घेऊन हसले, पण त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता. आता दुसरा अर्ज. आधी शीट रोलची प्रत मागायची, माहितीच्या अधिकाराखाली. मग त्या तारखांच्या पार्ट टू ऑर्डरी आणि पलटणीची युद्धदैनंदिनी तपासण्याची विनंती करायची. शेजारच्या खंदकातला एक साथीदार सातारा जिल्ह्यात हयात आहे, त्याचे प्रतिज्ञापत्र घ्यायचे. व्रणाविषयी सर्जनचा दाखला जोडायचा, आणि 'ओळखीची खूण' हा रकाना लाल शाईने अधोरेखित करायचा. पदकांच्या कडेवरील नंबरांचे फोटो लावायचे. सारे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवून पोच घ्यायची. नकार आला तर सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरण. त्यात एक गुंता आहे. पलटणीत नानांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळे आहे आणि आधारकार्डावर वेगळे. कारकुनाने ऐकले तसे लिहिले, १८१८ सारखेच.

वाचकांना माझे एकच सांगणे आहे. आपापल्या वस्तीत, गावी, नात्यात जे लष्करी पेन्शनर असतील त्यांच्या पेट्या उघडा. कागदांचे फोटो काढा, पदकांच्या कडा वाचा, तारखा विचारून लिहून ठेवा, आणि जे ते सांगतील त्यातले कागदाने सिद्ध होणारे व न होणारे वेगळे लिहा. १९७१ चा शिपाई आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १८५१ मध्ये पदक फक्त हयात असलेल्यालाच मिळाले होते. ती अट आज कोणी घातलेली नाही, पण आपण थांबलो तर काळ ती घालील.

नाना दर रविवारी सकाळी येतात आणि विचारतात, "काय सर, कुठवर आलं ?" ह्या रविवारी मी त्यांना अर्ज वाचून दाखवला. जखमेच्या तारखेपाशी त्यांनी मला थांबवले. "सहा नाही सर, सात डिसेंबर. सहाला आम्ही तिथं पोचलो होतो." मी सहाचा आकडा खोडला आणि सात लिहिला.